घरचें दप्तर आणि फिरत्या तबकड्या

प्रत्येक जुन्या घरांत पूर्वीं एक दप्तर असे. जाड्याभरड्या रुमालांत बांधलेलें, फडताळाच्या वरच्या खणांत ठेवलेलें, आणि वर्षांतून एकदां ऊन दाखविण्यापुरतें बाहेर काढलेलें. वंशावळ, मुंजी-लग्नांच्या खर्चाच्या याद्या, कोणा पणजोबांनीं काशीहून धाडलेलीं पत्रें, जमिनीचे जुने कागद, असें सर्व कांहीं त्यांत एकत्र नांदत असे. त्याला वाळवी लागूं नये, पावसाळ्यांत ओल येऊं नये आणि मुलांनीं त्यांतील कागदांच्या होड्या करूं नयेत, एवढी काळजी घेतली म्हणजे तें शंभर वर्षें सहज टिके. आजच्या घराचें दप्तर कोठें आहे, असें कोणी विचारिलें तर आपणांपैकीं बहुतेकांस खिशांतल्या फोनकडे बोट दाखवावें लागेल. बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचीं छायाचित्रें, वडीलधाऱ्यांचे आवाज, मुलांच्या पदव्यांचे कागद हें सर्व आतां आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलें असतें, आणि फोन भरला म्हणजे तें कोठें तरी एका फिरत्या तबकडीवर जाऊन बसतें.

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या स्नेह्यांपैकीं अनेकांनीं घरांत स्वतःचा लहानसा सर्व्हर ठेवण्यास आरंभ केला आहे. दोन किंवा चार हार्ड डिस्का मावतील अशी, ज्ञानकोशाच्या दोन-तीन खंडांएवढी ही पेटी असते. ती घरच्या वाय-फायला जोडली कीं घरांतील कोणींहि आपल्या फोनवरून तींत छायाचित्रें ठेवावीं आणि इतरांनीं तीं पाहावीं. एकत्र कुटुंबास ही सोय फार मानवते. ह्या पेटींत मोठी डिस्क कोणती घालावी, असा प्रश्न हे स्नेही आम्हांस विचारतात. प्रश्न बाजारहाटाचा दिसतो, आणि आम्हीहि तो तसाच समजत होतों. परंतु त्याचें उत्तर आम्हांस दुकानांत सांपडलें नाहीं. तें घरांतील एका नुकसानींतून मिळालें. तें सांगण्यापूर्वीं आमचा स्वतःचा दोष कबूल करणें प्राप्त आहे.

आमच्या धाकट्या काकू २०१६ सालीं वारल्या. त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत आमच्या एका पुतणीनें त्यांना बोलतें केलें होतें. चातुर्मासांतल्या कहाण्या, मंगळागौरीचीं गाणीं, लोणच्यांचीं प्रमाणें, त्यांच्या माहेरच्या गोष्टी, असें सुमारें ४० तासांचें बोलणें तिनें फोनवर मुद्रित करून ठेवलें. तें सारें, घरांतील छायाचित्रांसह, आम्हीं एका डिस्केवर एकत्र केलें. घरच्या काँप्युटरवर त्याची दुसरी प्रत होती. २०१८ च्या दिवाळींत काँप्युटरांत जागा उरली नाहीं, तेव्हां "मोठ्या डिस्केवर आहेच कीं सगळें" असें म्हणून ती दुसरी प्रत आम्हीं स्वतःच्या हातानें पुसून टाकली. पुढच्याच उन्हाळ्यांत त्या डिस्केंतून टक् टक् असा आवाज येऊं लागला. ती पडली नव्हती, भिजली नव्हती. कपाटांत नीट ठेविलेली होती. तीन दिवसांनीं ती कायमची मुकी झाली.

अशा डिस्का उघडून त्यांतील मजकूर काढून देणारे लोक असतात. त्यांच्याकडे ती नेली. महिन्याभरानें छायाचित्रांचा बराच भाग परत आला, काकूंचा आवाज आला नाहीं. काका रोज संध्याकाळीं फिरून आले कीं चपला काढतां काढतां विचारीत, "मिळालें का रे कांहीं?" आम्ही "अजून नाहीं" म्हणत असूं. एके दिवशीं त्यांनीं विचारणें सोडून दिलें, तें आम्हांस विचारण्याहून अधिक लागलें. पुढें, लग्न होऊन नागपुरास गेलेल्या त्या पुतणीच्या जुन्या फोनमध्यें त्या मुद्रणापैकीं सात तासांचें बोलणें निघालें. आज आमच्यापाशीं आहे तें तेवढेंच. बाकीचे ३३ तास गेले ते गेले.

ह्यानंतर नवा सर्व्हर घ्यावयाचा असें ठरलें, आणि घरांत रीतसर बैठक बसली. आमचे वडील बंधु, ज्यांस सर्व घर दादा म्हणतें, ते निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनीं कागदावर आकृति काढून आणली होती. "चार डिस्का घ्यायच्या, प्रत्येकी वीस टेराबाइट. तीन डिस्कांची जागा वापरायची, चौथीएवढी आधाराला. साठ टेराबाइट झाले. एक मेली तरी कांहीं जात नाहीं. नातवंडांपर्यंत पुरेल. आणखी काय पाहिजे?" आकृति सुंदर होती. तरी एकदां पोळलेल्या माणसाच्या सावधपणानें आम्हीं दीड महिन्याची मुदत मागून घेतली, आणि ह्या यंत्राविषयीं जें मिळेल तें वाचून काढलें.

हार्ड डिस्क ही वस्तु १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें प्रथम बाजारांत आणली. त्या पहिल्या यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या साऱ्या मिळून सुमारें ५० लाख अक्षरें सांठवीत. आज फोनवर काढलेलें एखादें छायाचित्रहि कधीं कधीं तेवढी जागा अडवितें. आजची मोठी डिस्क तळहातावर मावते. तिच्या आंत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारें टोंक तबकडीपासून कांहीं नॅनोमीटर एवढ्याच अंतरावर तरंगत असतें. आपल्या डोक्यावरील एक केंस आडवा धरला तर त्याच्या जाडींत असें अंतर हजारों वेळां मावेल. असें यंत्र वर्षानुवर्षें रात्रंदिवस चालतें हेंच नवल मानावें. तें एक दिवस बंद पडतें ह्यांत नवल कसलें?

डिस्केच्या माहितीपत्रकांत "बिघाडापूर्वींचा सरासरी काळ दहा लक्ष तास" अशा अर्थाचें एक वाक्य असतें. दहा लक्ष तास म्हणजे ११४ वर्षें. हें वाचून आपली डिस्क पणतवंडांच्या लग्नापर्यंत जगेल असें भोळ्या माणसास वाटतें. त्या वाक्याचा खरा अर्थ निराळा आहे. अशा एक हजार डिस्का वर्षभर अखंड चालविल्या तर त्यांपैकीं सुमारें नऊ त्या वर्षांत बंद पडतील, एवढेंच तें वाक्य सांगतें. त्या नवांत आपली असेल कीं नाहीं, हें तें सांगूं शकत नाहीं. बरें, डिस्क मरण्यापूर्वीं इशारा तरी देते काय? प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंद ठेवते, तिला "स्मार्ट" असें म्हणतात. २००७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, निकामी झालेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या नोंदींत चार महत्त्वाच्या लक्षणांपैकीं एकहि दिसलें नव्हतें. आमच्या डिस्केनें टक् टक् करून तीन दिवस तरी दिले. कित्येक तेवढेहि देत नाहींत.

तेव्हां निवड करतांना आरंभच असा धरून करावा कीं, घेतलेली डिस्क मरणारच आहे. त्यानंतर बाकीचे प्रश्न आपापल्या जागीं बसतात.

पहिला प्रश्न डिस्केवर मजकूर लिहिण्याच्या पद्धतीचा. एका पद्धतींत तबकडीवरील रेघा एकमेकींस न चिकटतां शेजारीं शेजारीं असतात. हिला सीएमआर म्हणतात. दुसऱ्या पद्धतींत जागा वांचविण्यासाठीं रेघा कौलांप्रमाणें एकीवर एक चढविलेल्या असतात. हिला एसएमआर असें नांव आहे. कौलारू छप्पर ज्यानें शाकारलें आहे त्याला ह्यांतील अडचण सांगावी लागणार नाहीं. मधलें एक कौल बदलावयाचें तर त्याच्यावर चढलेलीं कौलें आधीं उचलावीं लागतात. एकदां लिहून कपाटांत ठेवावयाच्या प्रतीस ही दुसरी पद्धत चालून जाते; परंतु सर्व्हरमध्यें, आणि विशेषतः एक डिस्क मेल्यावर तिच्या जागीं नवी बसवून ती भरावयाची असते तेव्हां, ही डिस्क अतोनात मंद होते. २०२० सालीं असें उघडकीस आलें कीं, घरगुती सर्व्हरसाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं डिस्का ह्या कौलारू पद्धतीच्या होत्या, आणि तसें माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलें नव्हतें. म्हणून वेष्टनावरील विशेषणांवर न जातां, डिस्केचा पूर्ण क्रमांक घेऊन ती सीएमआर आहे कीं नाहीं हें उत्पादकाच्या यादींतून पाहून घ्यावें.

दुसरा प्रश्न तिच्या कामाच्या मगदुराचा. साध्या काँप्युटरची डिस्क दिवसांतून कांहीं तास चालावी अशा हिशेबानें केलेली असते. सर्व्हरची डिस्क अहोरात्र फिरते, आणि शेजारच्या डिस्कांची थरथर तिला सोसावी लागते. ह्यासाठीं निराळ्या जाती आहेत. त्यांतील साधारण जातीस वर्षाला १८० टेराबाइटांच्या लिखाण-वाचनाची मर्यादा व तीन वर्षांची हमी असते. वरच्या जातींस ३०० किंवा ५५० टेराबाइट व पांच वर्षांची हमी. आमच्यासारख्या घरांत १८० ची मर्यादा गांठण्याचा संभव नाहीं. तरी हमीच्या जादा दोन वर्षांसाठीं आम्हीं वरची जात घेतली. मात्र एक ध्यानांत ठेवावें. हमी आहे ती धातूची. डिस्क मेली तर कंपनी नवी कोरी डिस्क देते. काकूंच्या कहाण्या ती कोठून देणार?

मोठ्या डिस्कांपैकीं बहुतेकींत आतां हवेऐवजीं हेलियम वायु भरून पेटी कायमची बंद केलेली असते. ही युक्ति २०१३ सालीं बाजारांत आली. हेलियम हवेच्या सुमारें एकसप्तमांश घनतेचा असल्यामुळें तबकड्यांस विरोध कमी होतो, त्या पातळ करतां येतात, तेवढ्याच पेटींत अधिक बसवितां येतात, आणि वीजहि कमी लागते. अशी एक डिस्क फिरत असतांना साधारणतः पांच ते आठ वॅट घेते. सहा वॅट धरले तर दोन डिस्कांस वर्षाला शंभराहून थोडी अधिक युनिटें पडतात, चार डिस्कांस त्याच्या दुप्पट. ७२०० फेऱ्यांच्या डिस्केचा एक बारीक खर्र आवाज रात्रीं ऐकूं येतो, म्हणून पेटी निजावयाच्या खोलींत ठेवूं नये. धुणें धुण्याच्या यंत्राच्या किंवा मिक्सरच्या फळीवरहि ती नको. थरथर हा ह्या यंत्राचा शत्रु आहे. आणि वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नसल्यामुळें यूपीएस घेतल्यावांचून सर्व्हर घेऊं नये.

तिसरा प्रश्न, आणि सर्वांत मोहाचा, तो आकाराचा. आज ३० टेराबाइटांहून मोठ्या डिस्काहि विक्रीस आहेत, आणि दुकानांत गेल्यावर माणसास मोठीच घ्यावीशी वाटते. येथें आम्हीं किराण्याच्या यादीसारखा हिशेब मांडला. एकाच छायाचित्राच्या चार चार नकला काढून टाकल्यावर घरांतील सर्वांचें मिळून चार टेराबाइट भरलें. दरसाल त्यांत सुमारें आठ दशांश टेराबाइटांची भर पडते. पांच वर्षांत, म्हणजे हमी संपेपर्यंत, तें आठ होईल. डिस्क चार पंचमांशांहून अधिक भरूं नये असा आमचा संकेत धरला, तर दहा टेराबाइट लागतील. आतां विक्रेता एक लक्ष कोटि बाइटांस टेराबाइट म्हणतो, आणि बहुतेक घरच्या काँप्युटरांच्या मापांत तोच शब्द सुमारें १,०९,९५१ कोटि बाइटांस लावतात. त्यामुळें बाराची डिस्क घरीं आणून लाविली कीं ती १०.९ दाखविते. ह्यांत फसवणूक नाहीं. मापें दोन आहेत, एवढेंच. आमचें काम बाराच्या डिस्केनें भागत होतें. पांच वर्षांनंतर लागणारी जागा आज विकत घेणें म्हणजे नातवाच्या मुंजीचे लाडू आजच वळून ठेवण्यासारखें आहे.

हा हिशेब घेऊन आम्ही पुन्हां बैठकीस गेलों. दादांस तो पटला नाहीं. "माझ्या आकृतींत एक डिस्क मेली तरी चालतें," ते म्हणाले, "तें तुझ्या बारांत कोठें आहे?" प्रश्न योग्य होता. अनेक डिस्कांचा एक संघ करून त्यांतील एखादी गेली तरी मजकूर टिकावा, ह्या योजनेस "रेड" म्हणतात. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांनीं १९८८ सालीं तिची मांडणी केली. ती योजना उत्तम आहे. अडचण डिस्का मोठ्या झाल्यामुळें आली आहे. वीस टेराबाइटांची डिस्क मेली कीं तिच्या जागीं नवी घालून ती भरावी लागते, आणि सेकंदाला २०० मेगाबाइट अशा सलग वेगानें भरली तरी त्याला २८ तास लागतात. घरांतील इतर वापर चालूं असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्का एका दमांत अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्या एकाच दिवशीं, एकाच दुकानांतून, एकाच खोक्यांतून आलेल्या असतात, आणि पहिलीच्याच वयाच्या असतात. त्या वेळीं दुसरी गेली तर साठचे साठ टेराबाइट एकदम जातात. दोन डिस्कांवर तोच मजकूर आरशाप्रमाणें लिहिण्याची साधी रीत ह्याहून आम्हांस बरी वाटली; त्यांतली कोणतीहि एक उचलून दुसऱ्या यंत्रास लावली तर ती एकटी पूर्ण वाचतां येईल असें करतां येतें.

परंतु वाद मिटविला तो आमच्या गणितानें नव्हे. इतका वेळ वहिनी वाती वळीत ऐकत बसल्या होत्या. त्यांनीं सहज विचारलें, "आणि घरांतच पाणी शिरलें तर?"

दादा गप्प झाले. १९६१ सालीं ते आठ वर्षांचे होते. आमचा वाडा तेव्हां शनिवार पेठेंत नदीच्या अंगास होता. १२ जुलै रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि गेलें, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. आमचे आजोबा मोठे नेटके. घरच्या महत्त्वाच्या कागदांच्या त्यांनीं दोन प्रती करविल्या होत्या, दोन पेट्यांत ठेविल्या होत्या, दोन्हींस कुलुपें होतीं. दोन्ही पेट्या खालच्या मजल्यावर एकाच खोलींत होत्या. पाणी ओसरल्यावर आजोबांनीं त्या चिखलांतून उघडल्या, तें दादांनीं जवळ उभें राहून पाहिलें होतें. वाचली ती एक वंशावळ, कारण तिची नक्कल आमच्या आत्याबाईंनीं पूर्वींच वाईला नेली होती. बराच वेळानें दादा म्हणाले, "दोन पेट्या होत्या रे. पण खोली एक होती." आणि त्यांनीं आपली आकृति घडी करून खिशांत ठेवली.

आरसा-रीत असो किंवा दादांची रेड असो, ती एका डिस्केच्या मरणापासून राखते. पूर, आग, चोरी ह्यांपासून राखत नाहीं. आमच्यासारख्या शहाण्यानें चुकून एखादी वस्तु पुसली तर ती दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणीं पुसली जाते. खंडणी मागणाऱ्या विषाणूनें मजकुरास कुलूप घातलें तर दोन्हीकडे घातलें जातें. पीटर क्रोग नांवाच्या अमेरिकन छायाचित्रकारानें ह्यासाठीं एक नियम लोकप्रिय केला आहे. प्रती तीन असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी दुसऱ्या ठिकाणीं असावी. नियम नवा वाटला तरी अनुभव आपल्याकडे जुनाच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभून १९६६ सालीं पुरी केली, ती कोणा एका सुरक्षित पोथीच्या बळावर नव्हे. काश्मीरची शारदा, नेपाळी, बंगाली, मलयाळम, ग्रंथ अशा नाना लिप्यांतल्या, नाना प्रांतांतल्या शेंकडों पोथ्या ताडून पाहतां आल्या म्हणून. एका ठिकाणीं वाळवीनें खाल्लेलें पान दुसऱ्या ठिकाणीं शाबूत होतें.

शेवटीं आम्हीं डिस्का चारच घेतल्या. दादांची संख्या कायम राहिली, आकार मात्र बारावर आला आणि मांडणी बदलली. दोन डिस्का सर्व्हरमध्यें आरशासारख्या चालतात. तिसरी सर्व्हरपासून सुटी, वायर काढून कपाटांत असते. दर संकष्टीस ती जोडून ताजी करावयाची. संकष्टीच ठेवण्याचें कारण एवढेंच कीं, आमच्या घरांत ती कोणी विसरत नाहीं. चौथी नागपुरास पुतणीकडे असते, आणि दिवाळीस व मे महिन्यांत ती माहेरीं येते तेव्हां तिसरीची व चौथीची अदलाबदल होते. प्रवासांत डिस्क फोमांत गुंडाळून, आगगाडींत सामानाखालीं न टाकतां मांडीवरच्या पिशवींत आणावी, असा तिला वहिनींचा हुकूम आहे. ह्या दोन्ही डिस्कांवर पासवर्डाचें कुलूप आहे, म्हणजे वाटेंत हरवली तरी परक्यास ती वाचतां येऊं नये. साठ टेराबाइटांच्या जागीं आम्हांस वापरावयास बाराच मिळाले, आणि पैसेहि कमी लागले. साधनें दोन प्रकारचीं असावीं हा नियमाचा भाग आम्हांस पुरता पाळतां आलेला नाहीं. चारी प्रती डिस्कांवरच आहेत, हें आम्ही कबूल करतों. काकूंचे सात तास मात्र त्याखेरीज एका पेन ड्राइव्हवरहि ठेवले आहेत.

खरेदी करतांना दोन डिस्का एका दुकानांतून, दोन दुसरीकडून, महिन्याच्या अंतरानें घेतल्या, म्हणजे चारी एकाच घाण्याच्या निघूं नयेत. वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. म्हणून डिस्क घरीं येतांच स्मार्टच्या नोंदींत ती आजवर किती तास चालली आहे तें पाहावें. नवी असेल तर तो आंकडा शून्याच्या आसपास हवा. हा आंकडा पुसतांहि येतो, तेव्हां डिस्केवरील क्रमांक उत्पादकाकडे देऊन हमी केव्हांपासून सुरू झाली तेंहि विचारावें. त्यानंतर एक अक्षरहि तिच्या हवालीं करण्यापूर्वीं ती अथपासून इतिपर्यंत एकदां लिहून व वाचून पाहावी. ह्याला दोन-तीन दिवस लागतात. आमच्या चारांपैकीं एक ह्या परीक्षेंत नापास झाली आणि बदलून मिळाली. ती तशीच वापरली असती तर काय झालें असतें, ह्याचा विचार आम्ही करूं इच्छित नाहीं.

डिस्क मरत नसतांहि तिच्यावरचें एखादें अक्षर गुपचूप बदलूं शकतें. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस अशी मांडणी सर्व्हरमध्यें असली तर ती प्रत्येक तुकड्याची एक पडताळणीची बेरीज ठेवते, ठराविक दिवशीं सर्व मजकूर वाचून ती बेरीज जुळते का तें पाहते, आणि न जुळल्यास दुसऱ्या डिस्केवरून दुरुस्ती करते. वेदपाठी घराण्यांत हें समजावून सांगणें सोपें जातें. संहितेचींच पदें क्रम, जटा, घन अशा उलटसुलट बांधणींनीं म्हणावयाची, म्हणजे एक अक्षर चुकलें तर तें लगेच कानांस खटकावें, हीच ती युक्ति. ह्यावरून आमच्या पूर्वजांस संगणक ठाऊक होता असें म्हणण्याचा अट्टाहास आम्ही करीत नाहीं. राखून ठेवावयाची वस्तु पुनःपुन्हां तपासावी लागते, हें त्यांना ठाऊक होतें, एवढें पुरे.

सर्व झाल्यावर वहिनींनीं दुसरा प्रश्न विचारला. "भावजी, तुम्ही आहांत तोंवर ठीक. तुमच्या मागें हें कुलूप कोण उघडणार?" आमच्या जवळ उत्तर नव्हतें. चार प्रती, पांच वर्षांची हमी, संकष्टीचा नेम, आणि पासवर्ड एकट्या आमच्या डोक्यांत! त्या रात्रीं आम्हीं एक साधी दोनशें पानी वही घेतली. कोणती डिस्क कोठें आहे, केव्हां घेतली, तिच्यावर काय आहे, ती कशी जोडावी, पासवर्ड काय, हें सर्व शाईनें मराठींत लिहून काढलें. एक वही वहिनींच्या दागिन्यांच्या डब्याशेजारीं आहे, तिची नक्कल दादांच्या बँकेच्या लॉकरांत. आतां संकष्टीची प्रत धाकटी सूनबाई व दादांचा नातू वही समोर ठेवून करतात, आणि आम्ही मुद्दाम दुसऱ्या खोलींत बसतों. वर्षांतून एकदां कपाटांतल्या प्रतीवरून कांहीं छायाचित्रें परत काढून पाहावयाचींहि ठरविलें आहे. जी प्रत परत वाचून पाहिली नाहीं ती असून नसल्यासारखी.

तेव्हां ज्या स्नेह्यांनीं डिस्क कोणती घ्यावी असें विचारलें, त्यांस आमचें उत्तर असें. सीएमआर घ्या, अहोरात्र चालणाऱ्या जातीची घ्या, पांच वर्षांच्या गरजेएवढी घ्या. आणि मोठ्या आकारासाठीं काढून ठेवलेल्या पैशांतून दुसऱ्या गांवीं ठेवावयाची एक डिस्क आधीं घ्या. आमच्या ३३ तासांचें मोल देऊन हें आम्ही शिकलों आहों. आपणांस तें फुकट शिकतां यावें, म्हणून हा प्रपंच.

गेल्या श्रावणांत शुक्रवारीं सर्व मंडळी जमली असतां सर्व्हरवरून काकूंची जिवतीची कहाणी लाविली. मध्येंच त्यांना ठसका लागतो, कोणी तरी त्यांना पाणी देतें, भांड्याचा आवाज येतो, आणि त्या पुन्हां सुरू करतात. काका डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनीं आपला फोन पुढें केला आणि दादांच्या नातवास म्हणाले, "ह्याच्यावर पण एक घालून दे रे. तुमच्या पेटीचा भरंवसा नाहीं." नातवानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हलविली, आणि वहींत त्या प्रतीची नोंद करून ठेवली.